एक कुत्रा, तीन घरे



शाळेतून घरी जाताना तुमच्या मोहल्ल्यात दाराशी एकटे बसलेले एखादे आजोबा तुम्हांला दिसतात का? मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेलेली असतात. पैसे येतात, फोन येतो. पण दिवसभर बोलायला कोणी नसते. जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाचा त्रास होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले. ब्रिटनने तर २०१८ साली या प्रश्नासाठी मंत्री नेमला.

काही आजोबांच्या सोबतीला एक कुत्रा असतो. तो बोलत नाही, पण वाट पाहतो. मात्र त्याला रोज फिरवावे लागते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेल्या डांबरावर कुत्र्याचे पाय पोळतात, म्हणून पहाटेच निघावे लागते. आजोबांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. तिकडे शेजारच्या मुलाला कुत्रा हवा असतो; पण घर लहान आणि आईवडील कामावर!

अशा वेळी दुसरा कुत्रा विकत आणू नये, असे मला वाटते. एकाच कुत्र्याची सोबत दोन-तीन घरांनी वाटून घ्यावी. पहाटे एका मुलाने त्याला फिरवावे. आजोबा गावाला गेले, तर दुसऱ्या शेजाऱ्याने त्याला खाऊ घालावे. साखळी घ्यायला मुलगा रोज दारात येईल, आजोबा त्याला अभ्यासाचे विचारतील. कुत्र्याच्या निमित्ताने माणसाला माणूस भेटेल. खरा लाभ हाच आहे.

कोणी म्हणेल, कुत्र्यांमुळे शेजाऱ्यांत भांडणेच होतात. हे खोटे नाही. आपल्या नागपुरातच भटक्या कुत्र्यांचा वाद न्यायालयात गेला. ज्यांना त्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ते दत्तक घ्यावेत, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटले. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि खाऊ घालण्याच्या जागा महापालिकेने ठरवाव्यात, असे सांगितले. यावरून एक गोष्ट कळते. नुसती माया पुरत नाही, जबाबदारीही घ्यावी लागते.

म्हणून सोबत वाटताना कामेही वाटून घ्या. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर द्यावी. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून जनावरांवर उपचार करत आले आहे. रस्त्यावर साखळी सोडू नये. घाण स्वतः उचलावी. कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे.

तुमच्यापैकी पुष्कळ जण म्हणतील, "आमच्या घरात कुत्रा ठेवत नाहीत." काही हरकत नाही. कुत्रा आजोबांच्या अंगणातच राहील. पण तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या जोड्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस तुम्ही ऐकली असेल. अल्लाहने त्याला माफ केले. मग दाराबाहेर पाण्याचे एक भांडे ठेवणे आपल्याला जड आहे का?

उद्या शाळेतून येताना त्या दाराशी थांबा. आजोबांना सलाम करा आणि विचारा, "आजोबा, तुमच्या कुत्र्याचे नाव काय?" पुढचे बोलणे आपोआप सुरू होईल.