मनाचा तराजू



पावसाळा लागला की आपल्याकडे साप निघतात. कुणाला पान लागले की तिथल्या तिथे दोन मते पडतात. एक म्हणतो, "आधी भगताकडं न्या, तो विष उतरवतो." दुसरा म्हणतो, "दवाखान्यात न्या." मी दुसऱ्या मताची आहे. पण मला इथे भगताला नावे ठेवायची नाहीत. आपण एखादी गोष्ट खरी कशी ठरवतो, त्यावर लिहायचे आहे.

भगताचा गुण येतो असे लोक म्हणतात, कारण त्यांनी माणसे बरी झालेली पाहिली आहेत. ते खोटे बोलत नाहीत. पण जरा हिशेब करू. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या, नानेटी यांच्या चावण्याने माणूस मरत नाही. मुख्य विषारी साप चारच : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. तेही प्रत्येक वेळी विष सोडतातच असे नाही. आता समजा, दहा जणांना साप चावला आणि सात जणांच्या अंगात विष गेलेच नाही. ते सात जण मंत्र घातला तरी बरे होणार, नाही घातला तरी बरे होणार. कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ! पण हे सातही जण भगताला नारळ देतात आणि बाजारात चारचौघांना सांगतात. उरलेल्या तिघांपैकी जो दगावतो, तो सांगायला येत नाही.

बरे, तो दगावला की आपण म्हणतो, "त्याची वेळच भरली होती." दवाखान्यात कोणी दगावले की मात्र, "डॉक्टरनं मारलं!" हा कुठला न्याय? वाणी दांडी मारतो का, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. पण आपल्या मनाचा तराजूही दांडी मारतो, तिकडे कोणी बघत नाही. भगत गावचा, ओळखीचा, गोड बोलणारा. दवाखाना लांब, तिथे रांग, शिवाय सुईची भीती. म्हणून पारडे आधीच झुकलेले असते. आवडते माणूस बोलले म्हणून गोष्ट खरी होत नाही, आणि नावडते बोलले म्हणून खोटी होत नाही.

हाच नियम मी माझ्या मतालाही लावते. दवाखान्यातही सगळ्यांना प्रतिविष देत नाहीत. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असला तर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते का बघतात. म्हणजे आधी परीक्षा, मग औषध. मंत्राची अशी परीक्षा कोणी घेते का?

यात चूक झाली तर ती जिवावर बेतते. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते. फारसे दुखत नाही, सूजही येत नाही. "काही नाही झालं," असे वाटते. मग पापण्या जड होतात आणि श्वास अडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. त्यातली बहुतेक खेड्यांतली, म्हणजे आपल्यासारखीच.

म्हणून साप चावला तर जखम चिरू नये, करकचून बांधू नये. चावलेला हात-पाय हलवू नये. १०८ ला फोन करावा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' अशी म्हण आहे. माझे मत असे की, करण्याआधी मनालाही एक प्रश्न विचारावा : हे खरे आहे म्हणून मला पटते, की मला आवडते म्हणून खरे वाटते?

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी