ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात



मासेमारी हा या स्तंभाचा विषय कसा, असा प्रश्न आपणांस पडेल. आपल्या घरात मासळी शिजत नाही आणि आपल्या पेढीवर तिचा व्यवहारही होत नाही. तरीही हा विषय मुद्दाम घेतला आहे. पर्युषण व दशलक्षण पर्वाच्या दिवसांत जीवदयेसाठी आपण जी रक्कम काढून ठेवतो, तिच्यातील काही भाग काही कुटुंबांत जिवंत मासे विकत घेऊन तळ्यात सोडण्यावर खर्च होतो. या सत्कृत्याचा आणि गळाला लावल्या जाणाऱ्या माशाचा फार जवळचा संबंध आहे. तो बहुधा आपल्या ध्यानात आलेला नसतो.

रंकाळ्याच्या काठी किंवा पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. गळाला सहसा कणकेची गोळी किंवा गांडूळ लावतात. मरळीसारखा शिकारी मासा मात्र कणकेला सहसा भुलत नाही. त्याला हलते भक्ष्य लागते. म्हणून आधी बोटाएवढे लहान मासे धरायचे, ते बादलीत जिवंत ठेवायचे आणि त्यांतील एकेक गळाला टोचून पाण्यात सोडायचा, अशी एक पद्धत आहे. गळ पाठीतून किंवा ओठातून असा घालतात की मासा मरू नये, तडफडत राहावा. माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्यातील कंपने टिपणारी संवेदनरेषा असते. जखमी माशाच्या अनियमित हालचालीची कंपने शिकाऱ्याला या रेषेमुळे दुरूनही कळतात. ज्याला आपण तडफड म्हणतो, तेच येथे आमिष असते.

माशाला वेदना होतात काय, हा वाद जुना आहे. २००३ मध्ये स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ डॉ. लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट जातीच्या माशांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. इजा ओळखणारे मज्जातंतूंचे ग्राहक माशाच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर आहेत, असे त्यात दिसून आले. ओठात दाहक द्रव्य टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले आणि नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा अन्नाकडे वळले. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची गणना करणाऱ्या परंपरेला माशाचे पंचेंद्रियत्व नवे नाही. प्रयोगशाळेने मात्र आता नेमके त्या जागेवर बोट ठेवले आहे, जेथे गळ रुततो.

कायद्यालाही ही क्रूरता अपरिचित नाही. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव. त्याच्या अकराव्या कलमात, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य बनेल अशा रीतीने अडकवून ठेवणे हा अपराध मानला असून, अभयारण्यात वाघासाठी जनावर बांधण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गळावरचा मासा या शब्दांच्या कक्षेत येतो की नाही, हे विधिज्ञांनी ठरवावे. तत्त्व मात्र एकच आहे. स्कॉटलंड, आयर्लंड व जर्मनी या मासेमारीची आवड असलेल्या देशांनीही गोड्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास मनाई केली आहे.

येथवरचे वाचून ‘हे तर दुसऱ्यांचे पाप’ असे कोणास वाटेल. माझा खरा मुद्दा यापुढचा आहे, आणि तो गळाचा नसून बादलीचा आहे.

दिवस मावळला की बादलीत काही लहान मासे उरतात. त्यांचे काय करावे? पुष्कळ जण ते समोरच्याच पाण्यात ओतून देतात. बिचारे जगोत, ही त्यामागची भावना. पण ते मासे दुसऱ्या तळ्यातून किंवा दुसऱ्या नदीतून आणलेले असतील तर? स्कॉटलंडमधील लॉक लोमंड या प्रसिद्ध सरोवरात १९८२ मध्ये ‘रफ’ नावाचा एक लहान मासा प्रथम आढळला. बाहेरून आलेल्या गळवाल्यांनी आमिष म्हणून आणलेल्या माशांबरोबर तो तेथे पोहोचला, असे अभ्यासक मानतात. थोड्याच वर्षांत त्याची संख्या अफाट वाढली आणि तेथील ‘पोवन’ या दुर्मीळ माशाची अंडी तो खाऊ लागला. अमेरिकेतील विशाल सरोवरांच्या परिसरात माशांमध्ये एक विषाणुजन्य रक्तस्रावी रोग पसरल्यावर २००६ मध्ये तेथील केंद्र सरकारला आठ राज्यांतून जिवंत मासे बाहेर नेण्यावर तातडीचे निर्बंध घालावे लागले. इंग्लंडचा नियम तर एका वाक्याचा आहे: आमिषाचा मासा ज्या पाण्यात पकडला, त्याच पाण्यात वापरावा. गळ टाकणाऱ्याने केलेली हिंसा एका माशाची. दयेने ओतलेली बादली मात्र एका सरोवराचे संतुलन बिघडवू शकते.

आता हा हिशेब आपल्या वहीत मांडून पाहू.

बाजारात जिवंत मासा विकत घ्यायला गेले तर कोणता मिळतो? पाण्याबाहेर काढल्यावर रोहू आणि कटला फार काळ तग धरत नाहीत. घमेल्यात, ओंजळभर पाण्यात तासन्‌तास जिवंत राहतो तो हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा: मरळ किंवा मांगूर. मांगुरांतही आफ्रिकी जातीचा मांगूर अत्यंत चिवट आणि खादाड. तो इतर माशांची पिल्ले फस्त करतो. म्हणूनच भारत सरकारने २००० मध्येच त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही तो चोरून वाढवला व विकला जातो. देशी मांगूर आणि हा परदेशी मांगूर यांतील फरक आपल्यासारख्या मासळी न हाताळणाऱ्या ग्राहकास ओळखता येणे अवघड. म्हणजे ज्याला आपण अभयदान देतो, तोच तळ्यातील शेकडो लहान जिवांचा भक्षक ठरण्याची शक्यता अधिक.

ही भीती काल्पनिक नाही. चिलापी हा आफ्रिकी मासा १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. उपद्रव ध्यानात येताच १९५९ मध्ये त्याचा प्रसार रोखण्याचे ठरले. तोवर उशीर झाला होता. राजस्थानातील जयसमंद तलावात चिलापी आल्यावर तेथील मोठ्या माशांचे सरासरी वजन घटले. उजनीच्या जलाशयात तर आज चिलापीच प्रमुख मासळी होऊन बसली आहे. आपली पंचगंगा सह्याद्रीतून येते. पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या माशांच्या २९० जातींचा २०११ मध्ये आढावा घेतला गेला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत आणि सुमारे एक-तृतीयांश संकटात आहेत. तळ्यात सोडलेला परका मासा तळ्यातच राहतो, असेही नाही. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की तो ओढ्या-नाल्यांतून नदीत जातो आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. एकदा गेलेला मासा परत आणता येत नाही. ही न फिटणारी उधारी आहे.

परदेशातील एक उदाहरण अंतर्मुख करणारे आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनच्या समुद्रात काही बौद्ध भाविकांनी पुण्यकर्म म्हणून बाजारातून घेतलेले परदेशी खेकडे व शेवंडे सोडले. हेतू निर्मळ होता. तरीही स्थानिक जिवांना धोका निर्माण केल्याबद्दल दोघांना २०१७ मध्ये न्यायालयाने दंड केला आणि नुकसानभरपाई भरावयास लावली.

आपल्या आचारशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला मध्यवर्ती स्थान आहे. श्रावकाच्या अनर्थदंडव्रतात हिंसादानाइतकीच प्रमादचर्याही वर्ज्य सांगितली आहे. जाणूनबुजून टोचलेला गळ ही संकल्पी हिंसा. परिणामांचा विचार न करता ओतलेली बादली हा प्रमाद. आपण पहिलीपासून दूर आहोत, याचे समाधान मानताना दुसऱ्याकडे डोळेझाक होता कामा नये. आणि ज्यांच्या दुकानात इतर सामानाबरोबर गळ व नायलॉनची दोरीही विकली जाते, त्यांनी हिंसादान या शब्दाचा अर्थ स्वतःच्या मनाशी एकदा तपासावा. याहून अधिक सांगण्याचा माझा अधिकार नाही.

आयुष्याची पस्तीसहून अधिक वर्षे बँकेत गेल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सोडण्यासाठी विकत घेतलेला मासाही विक्रेत्याच्या लेखी विक्रीच असते. पर्वकाळात मागणी वाढली की तो दुसऱ्या दिवशी अधिक मासे आणतो. आपल्या पैशाने दहा मासे सुटतात आणि तितकेच, कदाचित त्याहून अधिक, नव्याने पकडले जातात. यात त्याचा दोष नाही. तो त्याचा चरितार्थ आहे.

मग जीवदया करावी कशी? बाजारातील किंवा काचेच्या टाकीतील मासा नदी-तळ्यात सोडू नये. घरातील टाकी नकोशी झाल्यास मासे दुकानदारास परत करावेत किंवा सांभाळणाऱ्या घरी द्यावेत. तोच पैसा पांजरपोळास द्यावा, किंवा पंचगंगेच्या व रंकाळ्याच्या स्वच्छतेस लावावा. पाण्यातला प्राणवायू टिकला तर एका वेळी लक्षावधी जीव वाचतात. मुलांना घेऊन काठावर पडलेले गळ व नायलॉनचे धागे गोळा करावेत. त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात.

आणि मासा हाताने उचलून वाचवण्याचे पुण्य हवेच असेल, तर त्याचीही संधी कोल्हापूरकरांना मिळते. २०१९ व २०२१ च्या महापुरांसारखे पाणी ओसरते तेव्हा शेतांतील खड्ड्यांत आणि चरांत नदीचे मासे अडकून पडतात. खड्डा आटण्यापूर्वी ते उचलून जवळच्या त्याच नदीत सोडणे, हे निर्दोष अभयदान. त्यात खरेदी नाही, नवी मागणी नाही, परका जीव नाही. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात. येत्या पर्वात जीवदयेची रक्कम काढताना एवढे एक सूत्र घरातील सर्वांनी ध्यानी ठेवावे.

जयजिनेंद्र.