विश्लेषण : छतावर सौर पॅनेल असूनही वीज गेली की अंधार का? १२ व्होल्टची दिवाबत्ती कशी बसवावी?

भंडारा जिल्ह्यातील अड्याळ आणि पवनी तालुक्याचा परिसर हा धानाचा पट्टा. पावसाळ्यात वादळाने तारा तुटल्या की दुरुस्ती होईपर्यंत गावे अंधारात राहतात आणि नेमक्या याच दिवसांत अंगणात, गोठ्यात सापविंचवाची भीती असते. ओल्या भिंतीवरून ओढलेली २३० व्होल्टची उघडी तार हा दुसरा धोका. या दोन्हींवर कमी व्होल्टेजची दिवाबत्ती हा तुलनेने स्वस्त उपाय आहे. मात्र ती चुकीची बसवली तर दिवे मंद जळतात, प्रसंगी आगही लागू शकते.

छतावर पॅनेल आहे, मग वेगळी सोय कशाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८ हजार रुपयांचे अनुदान जाहीर झाले. यातून बसणारे बहुतांश संच ‘ऑन-ग्रिड’, म्हणजे बॅटरीविना थेट महावितरणच्या जाळ्याला जोडलेले असतात. वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तसे झाले नाही तर घरातील वीज उलट तारांवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. रात्री तर पॅनेल वीज देतच नाही. म्हणून बिल शून्यावर आले तरी अंधाराचा प्रश्न उरतोच.

कमी व्होल्टेज म्हणजे नेमके किती?

गावात ‘व्होल्टेज कमी आहे’ म्हणतात तेव्हा २३० ऐवजी १७०-१८० व्होल्ट मिळत असतात. तो पुरवठ्यातील दोष. येथे विषय आहे तो मुद्दाम १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालवलेल्या दिव्यांचा. एका पांढऱ्या एलईडीला जेमतेम ३ व्होल्ट लागतात. एवढ्या कमी दाबाने सामान्य परिस्थितीत शरीरातून घातक प्रवाह जात नाही. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेतही दुर्गम घरांसाठी बॅटरीसह २०० ते ३०० वॅटचा सौर संच, पाच एलईडी दिवे आणि एक डीसी पंखा, अशी तरतूद होती.

तार जाड का लागते?

वॅट तेवढेच ठेवून व्होल्ट घटवले की अँपिअर वाढतात. ६ वॅटचे सहा दिवे म्हणजे ३६ वॅट. २३० व्होल्टवर त्यांना सुमारे ०.१६ अँपिअर लागतील, तर १२ व्होल्टवर ३ अँपिअर. घरापासून २० मीटरवरच्या गोठ्यापर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तारेत जवळपास दीड व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे १२ टक्के. दिवे मंद होणारच. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही घट ५ टक्क्यांच्या आत येते. २४ व्होल्टची प्रणाली निवडली तर १.५ ची तारही चालते, कारण घट ३ टक्केच राहते. अंतर मोठे असेल तर २४ व्होल्ट किफायतशीर, हा साधा नियम.

बॅटरी आणि पॅनेल किती मोठे?

हेच सहा दिवे रोज पाच तास लावले तर १८० वॅट-तास लागतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, त्यामुळे १२ व्होल्टची किमान ३० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. तिला सुमारे ७५ वॅटचे पॅनेल आणि मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. ढगाळ दिवसांसाठी दोन्ही थोडे मोठे घेतलेले बरे. केवळ विजेवरच दिवे चालवायचे असतील तर ६० वॅटचा, बीआयएस नोंदणी असलेला अ‍ॅडॉप्टर पुरे.

बसवताना काय पाळावे?

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि तार क्षणात लालभडक होते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज हवा. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने त्यातील ठिणगी लवकर विझते. डीसीमध्ये तसे होत नाही. त्यामुळे स्विच आणि एमसीबी डीसीसाठीचेच घ्यावेत. १२ आणि २३० व्होल्टच्या तारा एका पाइपातून नेऊ नयेत. १२ व्होल्टच्या दिव्याला नेहमीची पिन लावू नये, कोणी चुकून बोर्डात खोचली तर दिवा फुटेल. बाहेरचे दिवे आयपी ६५ दर्जाचे असावेत. अ‍ॅडॉप्टर घरात कोरड्या जागी ठेवावा, कारण त्याच्या एका बाजूला २३० व्होल्टच असतात. त्या बाजूला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

मर्यादा काय?

पंप, फ्रिज, कूलर यांच्यासाठी ही सोय नाही. १२ व्होल्टचा उपयोग दिवे, छोटा डीसी पंखा आणि मोबाइल चार्जिंगपुरता. संपूर्ण घराचे वायरिंग बदलण्याचीही गरज नाही. अंगण, गोठा, स्वयंपाकघर आणि न्हाणीकडची वाट एवढे चार-सहा दिवे वेगळ्या तारेवर घेतले तरी वीज गेल्यावरची मुख्य अडचण सुटते. २३० व्होल्टच्या बाजूचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.