तासगांव : गणपतीचा रथ व द्राक्षांचे मळे

सांगली जिल्ह्यांतील तासगांवचें नांव काढिलें कीं इतिहासप्रिय वाचकांस परशुरामभाऊ पटवर्धन आठवतात, आणि घरांतील मुलांस बेदाणे! आमच्या मतें दोघांचेंही बरोबर आहे.

इ. स. 1795 मध्यें खर्ड्याच्या लढाईंत मराठी फौजांचें आधिपत्य ज्यांनीं केलें, तेच हे भाऊ. त्यांनीं बांधविलेल्या गणपतीच्या देवळास दक्षिणेच्या धर्तीचें सात मजली गोपुर आहे. कर्नाटकाच्या मोहिमांत पाहिलेली वास्तु त्यांच्या मनांत भरली असावी. 1799 मध्यें पट्टणकुडीच्या लढाईंत भाऊ पडले; 1848 मध्यें इंग्रजांनीं संस्थान खालसा केलें. भाद्रपदांतील रथोत्सव मात्र राहिला. तो उंच रथ आजही माणसेंच दोरखंडांनीं ओढितात.

मुलूख पर्जन्यछायेंतील. पूर्वीं ज्वारी पिके, आणि विहिरीस पाणी असेल तेवढेंच बागायत. पुढें द्राक्षें आलीं. ‘थॉम्सन सीडलेस’ ह्या जातींतून येथें निवडलेल्या वेलीस ‘तास-ए-गणेश’ असें नांव पडलें. गांव व दैवत एकत्र आणणारा हा समास पाणिनीस मानवला नसता. पण वेलीस तो चांगलाच मानवला! सुमारें चार किलो द्राक्षें सावलींत जाळीवर वाळवावीं, तेव्हां एक किलो बेदाणा पदरीं पडतो. त्याचे सौदे तासगांवच्या बाजारांत होतात.

वाचकांनीं ह्यावरून गांव सुखांत लोळतें असें समजूं नये. बागेचें कर्ज घरांतील कर्त्याच्या नांवावर असलें, तरी तें फेडावयाचें असतें साऱ्या घरानें. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अवकाळी पाऊस लागला, दावण्या पडला, आणि पुष्कळ बागांतील घड गळून गेले. ताकारी-म्हैसाळ योजनांनीं कृष्णेचें पाणी वर चढविलें खरें, पण तें पंपांनीं चढतें, व विजेचें बिल कोणास चुकत नाहीं.

ह्यामुळें आश्विन जवळ आला कीं घरोघर एकच वाद. फळछाटणी लवकर केली तर भाव बरा मिळतो, पण फुलोऱ्यावर पावसाचें भय. उशिरां केली तर पावसाचें भय टळतें, परंतु माल एकदम बाजारांत येतो आणि भाव उतरतो. वडील थांबा म्हणतात, मुलगे ऐकत नाहींत. मग अनेक घरीं अर्धी बाग आधीं छाटितात आणि अर्धी मागाहून.