ससा गॅलरीतून घरात घ्या, आजच!

पाळीव ससा असलेल्या घरांतल्या आई-बाबांना आणि आजी-आजोबांना कळकळीचं आवाहन

उन्हाळा तोंडावर आला आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपर्यंत चढेल. कूलर पुसून ठेवले जातील, दुपारी बाहेर पडायचं नाही अशी मुलांना ताकीद मिळेल. मुलांच्या हट्टापायी आणलेला ससा मात्र गॅलरीतल्या तारेच्या पिंजऱ्यातच असेल. विनंती एवढीच आहे की त्याला घरात जागा द्या. उष्णतेची पहिली लाट येईपर्यंत थांबू नका, कारण सशाच्या बाबतीत एक दुपारही पुरते.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. कुत्र्यासारख्या धापा टाकूनही त्याला अंग फारसं गार करता येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः लांब कानांवाटे बाहेर टाकतो, पण भोवतालची हवाच तापली की कानांचा उपयोग उरत नाही. त्याला साधारण 15 ते 20 अंशांची हवा मानवते. पारा 28-30 च्या वर गेला की धोका सुरू होतो. तेव्हा हा प्रश्न एकट्या विदर्भाचा नाही. पुण्याची एप्रिलमधली दुपार किंवा मुंबईचा दमट उकाडाही त्याच्या जिवावर बेतू शकतो. गॅलरीत सावली असली तरी तापलेला स्लॅब आणि भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहतात आणि पिंजऱ्यातल्या सशाला तिथून हलता येत नाही.

"शेतातले ससे उन्हातच राहतात की," असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. माळावर दिसतो तो रानससा वेगळ्या जातीचा आहे. तो बिळात राहत नाही, इथल्या उन्हाला सरावलेला आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे, तो पाळताही येत नाही. आपला पांढरा किंवा करडा ससा मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या सशांचा वंशज आहे. ते जमिनीत बिळं खोदून कळपाने राहतात आणि ऊन चढलं की गार मातीत जातात. ते बीळ आपण काढून घेतलं आहे. त्याच्या बदल्यात घरातला गार कोपरा देणं ही आपली जबाबदारी आहे.

उन्हाळा सरला म्हणजे सुटलो, असंही नाही. पावसाळ्यात ओलसर, घाणीने माखलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात. दिवसभरातच अळ्या होतात आणि त्या जिवंत सशाचं मांस पोखरू लागतात. रात्री बोका किंवा घूस पिंजऱ्याशी येते. जाळी तुटली नाही तरी नुसत्या भीतीने ससा दगावू शकतो. त्याच्या तळपायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, त्यामुळे तारेच्या तळावर बसून बसून जखमा होतात. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं ही 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने क्रूरता ठरते, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ससा दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभावच आहे. त्याने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर आतडी थांबत चालली आहेत असं समजून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं लागतं. सकाळ-संध्याकाळ चारा टाकण्यापुरतं कुणी गॅलरीत जात असेल, तर हे लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हॉलच्या कोपऱ्यातला ससा जेवला नाही, हे जाता-येता कुणालाही दिसतं.

आता तुमच्या शंकांकडे येऊ, त्या रास्त आहेत.

वास येईल? सशाच्या लेंड्या कोरड्या असतात, त्यांना जवळपास वास नसतो. वास येतो तो साचलेल्या मुताचा. ससा स्वतःच एक कोपरा ठरवून तिथे जातो. त्या कोपऱ्यात उथळ घमेलं ठेवा, तळाशी रद्दीचे कागद, वर वाळलेलं गवत. रोज कागद बदलला आणि घमेलं व्हिनेगरच्या पाण्याने धुतलं की काम झालं. नसबंदी केली की ही सवय आणखी पक्की होते. मादीला गर्भाशयाच्या कर्करोगापासूनही संरक्षण मिळतं.

वायरी कुरतडेल? नक्कीच कुरतडेल, कारण त्याचे दात जन्मभर वाढत असतात. वायरींवर जाड प्लास्टिक पाईप चढवा, मनीप्लँट आणि कण्हेरीच्या कुंड्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. चघळायला भरपूर गवत द्या. गवत हेच त्याचं मुख्य जेवण, सोबत धुतलेली कोथिंबीर, पुदिना. गाजराचा तुकडा खाऊ म्हणून कधीतरी. पोळी, बिस्किटं मुळीच नकोत.

देवघर आणि स्वयंपाकघर? तिथे त्याला जाऊ देऊ नका. एक फळी आडवी लावली की पुरे. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेलं कुणी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ससा त्यांच्या झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवा.

आज संध्याकाळी एवढं करा. घरातला सर्वात गार, कमी वर्दळीचा कोपरा निवडा. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून जुनी सुती सतरंजी अंथरा. लपायला पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा आणि जड वाडग्यात पाणी भरा. पिंजऱ्याचं दार उघडं असू द्या. दुपारी उकडलं तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा. तो सुस्त पडला, जोरजोरात श्वास घेऊ लागला, कान तापले, तर कानांना साध्या गार पाण्याचा हात लावा आणि लगेच पशुवैद्य गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो.

कामं मुलांना वाटून द्या: घमेल्याचं एकाकडे, गवत-पाण्याचं दुसऱ्याकडे. ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो, म्हणजे नेमका मुलं घरी असतात तेव्हाच. मात्र कान धरून उचलायचं नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगा. लहान मुलांचा उत्साह ओसरतो, तेव्हा देखरेख मोठ्यांचीच राहणार. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो.

इतकी वर्षं जमणार नसतील, तर ससा आणूच नका. आणला असेल आणि झेपत नसेल, तर घरात ठेवणारं दुसरं कुटुंब शोधा. टेकडीवर किंवा बागेत सोडून येऊ नका. तो तिथे तगत नाही, कुत्र्यांच्या तोंडी जातो.

तरीही मन तयार होत नसेल, तर निदान पाऊस येईपर्यंत त्याला आत ठेवून बघा. त्यानंतर कुठे ठेवायचं ते घरातल्या सगळ्यांनी, मुलांसह, मिळून ठरवा. पण उद्या दुपारचं ऊन त्या पिंजऱ्यावर पडण्याआधी तो आत आलेला असू द्या.