वाडा जुना आहे, अडाणी नाही!

मंडळी, आम्ही वारजेकर हायवेलगतच्या काचेच्या इमारतींत दिवसभर एसी लावून बसतो आणि पेठांतल्या वाड्यांना ‘जुनाट’ म्हणतो! १८०७ सालचा विश्रामबागवाडा बघा. जाड भिंती, मोकळे चौक. गारवा बांधकामातच आहे. वीज वाचवायची म्हणून अशा वाड्यांना फॉल्स सीलिंग, सिमेंटचा गिलावा, अॅल्युमिनियमच्या खिडक्या ठोकू नका. सिमेंट ओल आत कोंडतं; मग विटा झिजतात अन् लाकूड कुजतं. आधी गळकी कौलं दुरुस्त करा, चुन्याचाच गिलावा द्या, बुजवलेले झरोके उघडा, एलईडी दिवे लावा. एवढं करूनही उकडलं, तरच एसीचं बोला. महापालिकेने वाडा-दुरुस्तीच्या प्रत्येक टेंडरमध्ये हाच क्रम लिहावा. पटतंय ना? मग आपापल्या नगरसेवकाला विचारा!