पाटी उतरवली, मातम कशाला?

बारामतीतल्या दवाखान्यावरची पाटी मी उतरवली तेव्हा इंदापुरात आमच्या घरी लोक मयतीला यावेत तसे आले. 'कोर्टाची भानगड झाली का?' 'बायकोशी पटत नाही का?' अकरा वर्षे यूनानीची प्रॅक्टिस केली, आता मन नाही, पोरांना गणित शिकवायचे आहे. हे कारण कुणाला कारणच वाटेना.

हीच मंडळी डॉ. श्रीराम लागूंचे कौतुक सांगताना थकत नाहीत. कान-नाक-घशाचे सर्जन, टांझानियापर्यंत जाऊन काम केलेले. १९६९ साली ते सोडून पूर्णवेळ नट झाले. आपल्याच पुणे जिल्ह्यातले ओतूरचे डॉ. अनिल अवचट एम.बी.बी.एस. होऊन लेखणीकडे वळले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी दवाखाना सोडून अंधश्रद्धेशी लढा मांडला आणि २०१३ साली त्यापायी जीव दिला. त्यांनी सोडले तो त्याग, आम्ही सोडले ते वाटोळे! आणि गंमत अशी, की त्या तिघांच्याही नावामागचे 'डॉक्टर' लोकांनी शेवटपर्यंत सुटू दिले नाही.

आमचे का सुटू देत नाहीत, ते मला ठाऊक आहे. बारामतीत आधी दोन घरमालकांनी माझे आडनाव ऐकून 'जागा भावाला द्यायचीय' म्हणून सांगितले. तिसऱ्याला मी आधी 'डॉक्टर' सांगितले, आडनाव मागाहून. खोली मिळाली. डॉक्टर हा शब्द म्हणजे आमच्या आडनावावर पांघरलेली चादर. शिक्षणातली आमची पिछेहाट सच्चर समितीने २००६ साली आकड्यांत मांडली, पण मोहल्ल्याला ती आकड्यांवाचून माहीत होती. म्हणून एक पोरगा शिकला की तो घरचा राहत नाही, बिरादरीची ठेव होतो.

या ठेवीवर मला विचारून कुणी सही घेतली होती?

बिरादरीतल्याच एका वजनदार गृहस्थांनी तोडगा काढला: 'सर्टिफिकेट भिंतीवर राहू दे. आपला एक पोरगा बसवू. तू महिन्याला भाडे घे.' इज्जतीची भाषा यांचीच आणि धंदाही यांचाच! रोगी कुणाच्या हाती जाईल याची फिकीर नाही, फिकीर पाटीची. अहो, नोंदणी असते ती रोग्याच्या रक्षणासाठी, आम्हांला लग्नकार्यात मिरवण्यासाठी नव्हे. रात्री-अपरात्री नातेवाईक अजून गोळीचे नाव विचारतात. मी म्हणतो, इंदापुरात सरकारी दवाखाना आहे, बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जा. त्यांना वाटते, हा शेफारला. शेफारलो नाही. जे काम मी करत नाही, त्याचा अधिकार मी वापरत नाही, एवढेच.

बिरादरीला मी जाब देणे लागत नाही. अब्बांना लागतो. त्यांनी शिवणयंत्र चालवून माझी फी भरली. बदल्यात 'डॉक्टरचे अब्बा' एवढे नाव त्यांना मिळाले होते, तेही मी पाटीबरोबर खाली उतरवले. हे बोचते, आणि ते लपवत नाही. सहा महिने ते माझ्याशी नीट बोलले नव्हते.

परवा इंदापूरच्या बाजारात मी पिशवी धरून त्यांच्या मागे होतो. एकाने विचारले, 'डॉक्टरसाहेबांनी दवाखाना पुन्हा उघडला का?'

'मास्तर झालाय तो,' अब्बा म्हणाले आणि भेंडीचा भाव विचारू लागले.